अवसेचे बांबू

उधव्याची एसटी तलासरीच्या थांब्यावर पुरती थांबलीही नव्हती, तोच कंडक्टर दारातून ओरडला, "अप्पा, तुमचे चुरी मास्तर गेले हो! सकाळीच... ए बाई, टोपली वर टाक, वाटेत नको!" एका दमात दोन्ही. मला राग आला नाही. पदूच्या मरणाची दखल एवढ्या आपुलकीनं घेणारा तो पहिला आणि शेवटचा सरकारी नोकर, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

पदू म्हणजे पद्माकर चुरी, डहाणूच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर. मी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. मुंबईच्या तबेल्यांसाठी गवताच्या गासड्या वॅगनीत चढवणं हे माझं काम, आणि त्याच गासड्यांतून लांब, सोनेरी काड्या उपसून पळवणं हे पदूचं. "अप्पा, म्हशींना कळणार नाही रे," म्हणायचा. त्याला एकच वेड होतं. माणूस दिवसभर जिथे बसतो, दुकानात, कचेरीत, फलाटावर, तिथे त्याला झाडाखाली बसल्यासारखं वाटलं पाहिजे. आमच्या भागात झाडं मुबलक, गवत मुबलक, बांबू मुबलक, आणि बसायचं मात्र तापलेल्या पत्र्याखाली... हे त्याला सहनच होत नसे.

चुनीभाईचं कापडाचं दुकान ही त्याची पहिली शिकार. दुकान कसलं, भट्टीच! वैशाखात गिऱ्हाइकाला दाखवायला उघडलेलं लुगडं घडी घालेपर्यंत इस्त्री होऊन जायचं. पदूनं पत्र्याखाली हातभर जाड गवत अंथरलं, भिंतींना कारवीचे कूड लावून माती लिंपली, मागची भिंत फोडून चिकूच्या वाडीकडे मोठी खिडकी काढली आणि तिच्यावर शिंदीच्या पानांचे पडदे ओले करून सोडले. चुनीभाई कपाळाला हात लावून म्हणाला, "मास्तर, आ दुकान छे के वाडी?"

"वाडीच समजा, शेठ. आलेलं गिऱ्हाईक उठणार नाही."

आणि खरंच उठेना! घोलवडचं एक वऱ्हाड बस्ता बांधायला आलं. दोन्ही व्याही तिथेच भांडले, तिथेच जेवले, तिथेच मिटवलं, आणि बारशाचं झबलंही तिथूनच घेतलं. मधे ते घरी गेल्याचं मला तरी आठवत नाही. मांजरपाटाच्या ताग्यात चिमणीनं घरटं केलं तेव्हा चुनीभाईनं, पक्का बनिया, तो तागा पिल्लं उडेपर्यंत विकला नाही. पुढे झाईच्या कोळणींनी मासळीच्या लिलावासाठी पदूकडून झावळ्यांची शेड बांधून घेतली. ती इतकी हवेशीर झाली की वासच येईना, आणि वास नाही तर ही मासळीच नव्हे म्हणून गिऱ्हाइकं भांडू लागली. एक कोळीण तर त्याला म्हणाली, "मास्तर, थोडा वास परत आणून दे, नाहीतर माझा धंदा बसला!"

इथवर हसायचं ते हसून घ्या.

तलासरीच्या एका सरकारी कचेरीत नवं दालन निघालं, जमिनीच्या कामासाठी येणाऱ्या लोकांना बसायला. उधव्याकडून डोंगर तुडवत आलेली माणसं तोवर बाहेर उन्हात उकिडवी बसत. खुर्ची दिसली की घाबरत, पंखा दिसला की जास्तच घाबरत. पदू म्हणाला, "अप्पा, आत आल्यावर त्यांना आपल्याच घरात आल्यासारखं वाटलं तर ती साहेबाशी ताठ मानेनं बोलतील." त्यानं चित्र काढलं : बांबूचं छत, शेणानं सारवलेली जमीन, बुटकी बाकं, दारात मातीचे रांजण. साहेबांना चित्र आवडलं. मोठे साहेब उद्घाटनाला यायचे होते, त्यांनाही आवडेल असं त्यांना वाटलं.

अडलं ते बांबूवर. आमच्याकडे बांबू अवसेच्या आसपास, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात. चांदण्या पाखात तोडला तर त्याला भुंगा लागतो, आणि आतून पीठ होतं. डहाणूपासून उधव्यापर्यंत हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण उद्घाटन आलं पौर्णिमेनंतर लगेच. पदू अवसेपर्यंत थांबा म्हणायला गेला तर साहेब हसले. "मास्तर, सरकारी काम पंचांग बघून चालत नाही. जमत नसेल तर सांगा, कंत्राटदार पत्रा टाकायला तयारच आहे."

पत्र्याचं नाव काढलं की पदू नमतं घ्यायचा. तो उधव्याला रूपजीकडे गेला. रूपजी आणि त्याची माणसं त्या भागातले बांबू तोडणारे. मी बरोबर होतो.

"चांदना हाय, मास्तर," रूपजी म्हणाला. "आता नाय तोडाचा."

"माझ्यासाठी तोड. जबाबदारी माझी."

रूपजी कोयता उचलत म्हणाला, "तू सांगतं म्हून."

उद्घाटन थाटात झालं. काही महिने माणसं खरंच आत येऊन बसली, बोलली, एका म्हातारीनं तर साहेबालाच रांजणातलं पाणी नेऊन दिलं. मग छतातून पीठ झरायला लागलं. कागदांवर, टोप्यांवर, चहाच्या कपात. साहेबांची काळी टोपी दुपारपर्यंत पांढरी व्हायची, घरी बायको ओळखत नसे म्हणे! चौकशी लागली. कंत्राटदार म्हणाला, आदिवाश्यांनी मुद्दाम किडका माल दिला, त्यांची मजुरी अडवा. साहेब छताकडे बघत राहिले. तेव्हा पदू उठला. "बांबू मीच तोडवला. त्यांनी नको म्हटलं होतं." तारखेचा हट्ट कुणाचा होता, हे तो बोलला नाही. बाहेर आल्यावर मी त्याला नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, "अरे, साहेबाचं नाव घेतलं असतं तर साहेबानं रूपजीचंच घेतलं असतं."

महिन्याभरात पत्रा आला. माणसं पुन्हा बाहेर उन्हात. गावानं पदूला 'भुंगा मास्तर' करून टाकलं, चुनीभाईनंही घाईघाईनं गवत उतरवलं. त्यानंतर पदूनं एकही जागा सजवली नाही. शाळेत फळ्यावर फुलदाणी काढायचा, पोरं ती उतरवून घ्यायची, झालं.

शोकसभा त्याच दालनात झाली. पत्रा असा तापला होता की हारातला झेंडू वाळून कडकडीत झाला. कंत्राटदारानं घाम पुसत पदूला 'निसर्गाचा पुजारी' म्हटलं, आणि साहेबांनी भिंतीवर फोटो लावायची घोषणा केली. टाळ्या वाजल्या... मी उठलो आणि उधव्याची बस पकडली. रूपजीला कुणी कळवलं असेल असं वाटेना.

त्याला कळलं होतं. तो मला झोपडीमागे घेऊन गेला. उंच ओट्यावर, झावळ्यांखाली, बांबूंची रास होती, सारखी कापलेली, गाठी तासून गुळगुळीत केलेली.

"मास्तर यायचा. अवसेला. चार बांबू तोडाचा, रचून ठेवाचा."

"कशाला?"

"म्हनाचा, पत्रा कधीतरी गंजंल. मग बोलावतील."

मी एक बांबू उचलून दगडावर आपटला. टणकन वाजला. पिठाचा एक कण पडला नाही. मग मी त्याला सभेचं आणि भिंतीवर लागणाऱ्या फोटोचं सांगितलं.

"फोटोला बांबू लागल का?" रूपजीनं विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यानं माझ्या हातातला बांबू घेतला, हातानं पुसला आणि राशीवर परत ठेवून झावळ्या नीट ओढून घेतल्या, पाऊस लागू नये म्हणून.