गुरूवरचं वारं आणि आमची गच्ची

दुर्बिणीभोवती चार माणसं जमली की आकाश कमी दिसतं आणि किस्सेच जास्त होतात. आमचं तेच झालं. डोंबिवलीच्या त्या गच्चीवर आम्ही जमायचो गुरू ग्रहावरचं वारं मोजायला. वारं राहिलं बाजूला, हे एवढं मात्र साठलं!

आम्ही म्हणजे तिघं. साने काका, केमिकल कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट खात्यातून रिटायर झालेले. दुर्बीण त्यांची, गच्ची त्यांच्या बिल्डिंगची. कळव्याची मेघना, कॉलेजात फिजिक्स शिकवते, घरी बसून आमच्या फोटोंची मोजमापं करायची. आणि मी, ठाण्याच्या कोर्टातला कारकून, म्हणजे वायरी धरणारा.

काम ऐकायला सोपं. गुरूवर ढगांचे पट्टे असतात. त्यातल्या एका पट्ट्यात पांढरा ठिपका होता. तो वाऱ्याबरोबर वाहतो. आज फोटो काढायचा, अचूक वेळ लिहायची, काही आठवड्यांनी परत काढायचा. ठिपका किती सरकला त्यावरून वाऱ्याचा वेग. काकांना आयुष्यात एकच आकडा हवा होता, स्वतःच्या गच्चीवरून मोजलेला. "कंपनीत जन्मभर दुसऱ्यांचे आकडे तपासले रे," म्हणायचे, "एक आपला असू दे."

*

बिल्डिंगभर बातमी पसरली की साने गुरू बघतात. झालं! तळमजल्यावरच्या कुलकर्णी वहिनी पत्रिका घेऊन गच्चीवर हजर. मुलीचं लग्न गुरुबळ नाही म्हणून अडलेलं.

काकांनी समजावलं, "वहिनी, मी फक्त तिथलं वारं मोजतो."

"मग तेच सांगा ना! आमच्या बाजूने आहे की नाही?"

काकांनी पट्टे, ठिपका, सगळं दाखवलं. वहिनींनी मन लावून बघितलं आणि जाताना मला हळूच म्हणाल्या, "माणूस चांगला आहे, पण अभ्यास कमी पडतो."

*

ऐन संध्याकाळी पाण्याचा पंप सुरू व्हायचा आणि त्याच्या हादऱ्याने दुर्बिणीतला गुरू थरथरायला लागायचा. काका सेक्रेटरीकडे गेले. पंप तासभर उशिरा लावा म्हणाले.

सेक्रेटरी म्हणजे तिखट माणूस. "काका, तुमच्या गुरूवर पाण्याची टाकी आहे का?"

"नाही."

"आमची आहे. ती भरू दे!"

त्या दिवसाचे सगळे फोटो हललेले आले.

*

आता खरा घोळ. एका संध्याकाळी मेघनाचा फोन. "काका, तुमच्या ठिपक्याचं काय चाललंय? एका आठवड्यात पूर्वेला पळतो, पुढच्या आठवड्यात पश्चिमेला!"

काका खूश. "म्हणजे नवीन काहीतरी सापडलं!"

मेघना म्हणाली, "काका, वेळ कुठून लिहिता?"

काकांचा लॅपटॉप जुना. बॅटरी गेलेली, लाइट गेले की घड्याळ बोंबललं. मग काका खाली जाऊन हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ बघून यायचे आणि वेळ लावायचे. ते घड्याळ काकूंच्या ताब्यातलं, काकांची लोकल चुकू नये म्हणून पुढे ठेवलेलं. काकांची कंपनी सुटून कैक वर्षं झाली तरी घरचं घड्याळ पुढेच! गुरू दहा तासांत स्वतःभोवती फिरतो. घड्याळ दहा मिनिटं चुकलं की ठिपका हजारो किलोमीटर भलतीकडे.

"किती पुढे ठेवतेस गं?" काकांनी खाली जाऊन विचारलं.

"कधी पाच, कधी पंधरा," काकू म्हणाल्या. "मनात येईल तसं. तुम्हाला कळलं की तुम्ही रमतगमत निघायचात ना! आणि गुरूला कुठे गाडी पकडायचीय?"

मी हसलो. काका नाही हसले. अख्खा हिवाळा वाया गेला होता. कंपनीत मिनिटाला मिनिट जुळवणारा माणूस, आणि स्वतःच्या घरातलं घड्याळ तपासायचं राहिलं. मला आजही वाईट वाटतं. मी मोबाइल खिशात घालून शेजारीच उभा असायचो हो!

*

मार्चमध्ये एक फोटो झकास मिळाला, वेळेसकट. आता गुरू सूर्यामागे जायच्या आत आणखी एक मिळाला की आकडा हातात. पण बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघालेली. सगळ्यांच्या सह्या झाल्या, काकांची नाही. बिल्डरचा माणूस आला. "अंकल, नये टॉवर में दुर्बीण के लिए अलग जगा देंगे. तीन साल की बात है."

काका म्हणाले, "ठिपका थांबतो का विचारून सांगतो."

पण जिन्यातलं प्लास्टर एका शाळकरी मुलीच्या पुढ्यात कोसळलं, तेव्हा मुकाट्याने सही करून आले.

आता ते कल्याणला भाड्याने राहतात. गच्चीला कुलूप असतं, दुर्बीण माळ्यावर. तो ठिपकाही पुढे विरून गेला, असं मेघना म्हणाली. आकडा मिळाला नाही तो नाहीच. फार जिवाला लागतं हे.

*

डोंबिवलीची जागा सोडायचा शेवटचा दिवस. मे महिना, सामान टेम्पोत गेलेलं. नशिबाने त्याच संध्याकाळी ठिपका समोर येणार होता. गुरू पश्चिमेला खाली उतरलेला आणि तिकडे समोरच नवा टॉवर. फार तर दहा मिनिटं मिळणार होती. काकांनी कॅमेरा जोडला, फोकस केला. मी वेळ दोनदा तपासली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. साने काकू! गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत गच्ची चढल्या नव्हत्या. गुडघे धड होते तेव्हा काका सांगायचे, आज हवा चांगली नाही, चांगली असेल तेव्हा बोलावतो.

"अगं, तू कशाला आलीस?"

"खाली तर आता जायचंच आहे," काकू धापा टाकत म्हणाल्या. "म्हटलं, आधी वर जाऊन येते. बघू दे मला पण एकदा."

फोटो काढेपर्यंत थांबा म्हणावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलेलं. काकांनी टॉवरकडे बघितलं. लॅपटॉपकडे बघितलं. मग कॅमेरा काढून माझ्या हातात दिला आणि डोळा लावायचं भिंग बसवलं.

काकू वाकल्या. "अहो, हा हलतोय."

"हवा गरम आहे ना."

"पट्टे दिसतात की! दोन आहेत." काकूंनी डोळा काढला नाही. काका त्यांची पाठ धरून उभे. गुरू टॉवरच्या मागे गेला तरी त्या तशाच वाकलेल्या.

काकांचा फोन वाजला. मेघना, कळव्याहून. स्पीकरवरच होती. "काका, मिळाला का फोटो?"

"नाही गं."

"अरेरे! ढग आले?"

"ढग नव्हते," काका म्हणाले. "दुर्बीण वापरात होती."