कोनाचा पोर हाय हा सुपरहिरो?

मंडळी, आज बोईसरच्या घरी कपाट आवरताना नव्वदच्या दशकातला आमचा व्हिडिओ गेम सापडला. जोडला, तर चक्क चालू झाला.

पाठीला लाल कापड बांधलेला सुपरहिरो सुरुवातीपासून मारत सुटतो. का, कोणासाठी, काही पत्ता नाही. दहा मिनिटांत कंटाळलो. मग लहानपणी तासन्‌तास कसा खेळायचो?

तेव्हा समुद्रकाठच्या दांडी गावातल्या घरात आई शेजारी बोंबील साफ करत बसायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "कोनाचा पोर हाय हा?" गेममध्ये ते कुठेच नव्हतं. मग तिनेच ठरवलं, याच्या बापाची होडी परत आली नाय, म्हणून हा सगळ्यांना मारत बंदरावर चाललाय.

आज गेम सापडल्याचं तिला फोनवर सांगितलं. लगेच म्हणाली, "मग, आला का त्याचा बाप?"

मंडळी, फोन ठेवल्यापासून परत खेळतोय, अजून दोन लेव्हल बाकी आहेत. काय सांगू तिला?