राजापूरचे मामा आणि तडजोडीचं पत्र

"पोरगी गुणाची आहे गो, पण पाहुणे आले की नुसती उभी. चार शब्द बोलेल तर शपथ!"

सासूबाई चिपळूणच्या नणंदेला फोनवर सांगत होत्या. हळू आवाजात. आता सासूबाईंचा हळू आवाज म्हणजे काय सांगू तुम्हाला, शेजारच्या कुत्र्यानेही कान टवकारले असतील. मी तर भिंतीपलीकडे पोहे परतत होते.

ठरवलं. पुढचा पाहुणा येऊ दे, बोलून बोलून दमवते त्याला! इथेच माती खाल्ली.

पाहुणा कोण तेही ठाऊक होतं. माझ्या नवऱ्याचे, सुहासचे, राजापूरचे मामा. लग्नाला येणं जमलं नव्हतं, म्हणून नवी सून बघायला कधीही टपकणार होते.

मंगळवारी टपकले. घरात मी एकटी. दारात चष्मा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग.

"सुहास आहेत का?"

"कामावर गेलेत. तुम्ही राजापूरहून ना?"

"अं? हो, तिकडूनच येतोय."

झालं! ओढणी सावरली आणि वाकून नमस्कार. गृहस्थ दोन पावलं मागे सरकले. "अहो, अहो! सुखी राहा."

नव्या सुनेने पाहुण्याला 'आपण कोण' विचारायचं नसतं, हे आईने बजावून पाठवलेलं. आधी वाकायचं, नातं मागाहून घरातलं कोणीतरी सांगतं. सांगायला घरात कोणी नव्हतं, एवढंच.

चहा दिला, घावने घातले. चौथ्या घावनावर मामांनी विचारलं, "बाकी, ते गाडीच्या कर्जाचं काय झालं?"

किती ती काळजी! तर त्याचं असं होतं. सुहासने बाइकसाठी कर्ज काढलं, लग्नाच्या खर्चात हप्ते थकले. मग वसुलीवाल्याशी तडजोड झाली. ठरलेली रक्कम एकदम भरायची, उरलेलं माफ. भरली. सहीशिक्क्याचं पत्र मिळालं. आणि महिन्याच्या आत त्याच माणसाचा फोन, "बाकी कधी भरताय?" सुहास म्हणायचा, "पत्र आहे म्हणून वाचलो. राक्षस आहे तो!"

मी आपली राक्षसाचीच वाट बघत होते. मिशा, गळ्यात सोन्याची साखळी. चष्मा पुसत घावने खाणारा राक्षस कोणी बघितलाय?

"मामा, तो वसुलीवाला म्हणजे महाबिलंदर! स्वतःच सही करतो नि स्वतःच विसरतो. लाज कशी नसते हो असल्या माणसांना?"

"नसते," मामा शांतपणे म्हणाले. "चटणी आहे का अजून?"

चटणी वाढली.

"पत्र जपून ठेवलंय ना पण?"

"म्हणजे काय!" कपाटातून, साड्यांच्या खालून काढून आणलंच की मी!

मामांनी ते दोनदा वाचलं. "ह्यावर मुख्य कचेरीचा शिक्का राहिलाय. माझी ओळख आहे तिथे, मारून आणतो." घडी घातली, पत्र बॅगेत. मी एवढी खूश, की निघताना आमसुलांची पिशवीसुद्धा दिली.

संध्याकाळी ऐटीत सांगितलं, "मामा येऊन गेले!"

"कुठले मामा?" सुहास म्हणाला. "मामा आत्ता फोनवर होते माझ्याशी. राजापुरात, घरी."

मी चष्म्याचं, बॅगेचं वर्णन केलं. "अगं, तोच तो वसुलीवाला!" म्हणत सुहासने खिसे चाचपले. पत्राचा फोटो होता त्याच्या मोबाइलमध्ये. त्यात सुहासचा अंगठा अगदी स्पष्ट आला होता, सही तेवढी अंगठ्याखाली.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा फोन बंद. ऑफिसला कुलूप. सुहास येरझाऱ्या घालत होता. "पत्र नाही म्हणजे सगळं पुन्हा भरा!"

"पोलिसांत जा," सासूबाई म्हणाल्या.

"आणि काय सांगू? बायकोने घावने वाढून पत्र दिलं?"

"मग त्या मेल्याला गाठायचं तरी कुठे?"

दोघं एकमेकांवर ओरडत होते. मला कोणी काही विचारतच नव्हतं. शेवटी मी तोंड उघडलं.

"गाठायला कुठे जायला नको. रविवारी दुपारी येतायत, बायकोला घेऊन. मीच बोलावलंय जेवायला. तेवढी सुरमई आणा, बांगडा त्यांना सोसत नाही."