खुर्चीवर बसवलेला ओक्यामे

क्वामेना एसिल्फी हा आसेंक्रोमच्या राजाचा ओक्यामे. राजाशी थेट कुणी बोलायचं नाही. जे सांगायचं ते ओक्यामेला, मग तो नानांच्या, म्हणजे राजाच्या, कानी घालणार. शब्दांना साज त्याने खुशाल चढवावा, गाळायचं मात्र काही नाही.

परदेशी खाणकंपनीच्या संचालकांत एक तरी गावकरी हवाच, असा सरकारने कायदा केला. कंपनीच्या होल्टसाहेबाने चौकशी केली, तर गावात एक माणूस स्वतःचं म्हणून काही बोलतच नाही, असं कळलं. साहेब खूश. तेव्हापासून क्वामेना एसीच्या गारव्यात मऊ खुर्चीवर गप्प बसू लागला. बायको एफुआ शेजारणींत त्याला 'आमचे संचालक' म्हणू लागली. ही खुर्ची मरेपर्यंत टिकावी, याखेरीज दोघांना काही नको होतं.

मग कायदा पाळला जातो का ते बघायला राजधानी आक्राहून सरकारी अधिकारी झिफाबाई आल्या. सभा नानांच्या अंगणात, म्हणजे सगळं क्वामेनाच्या तोंडून. कडू असेल ते गिळ, नाहीतर खुर्ची विसर, असं साहेबाने त्याला आधीच बजावलं होतं.

मासेवाली आराबा उठली. "ओक्यामे, नानांना सांग, खाणीने नदी नासवली. पोरांना नोकऱ्या मिळाल्या त्या फाटकावर उभं राहायच्या. आणि आपला म्हणून जो संचालक बसवलाय, तो तिथे झोपा काढतो. हेसुद्धा सांग हं."

एफुआने डोळे वटारले. क्वामेनाने घसा खाकरला, काठी टेकली.

"नाना, आराबा म्हणते, आपल्या वाडवडिलांची तहान भागवणारी नदी आता शेळीसुद्धा हुंगत नाही. कंपनीने पोरांना दारापर्यंत नेलं आणि दारातच ठेवलं. आणि आपला संचालक सभा सुरू होताच झोपतो, तो जेवणाच्या वासाने उठतो."

"जेवणाचं मी नव्हते म्हणाले," आराबा म्हणाली.

"तो साज," क्वामेना म्हणाला.

साहेबाने त्याला काढायचं ठरवलंच होतं. तेवढ्यात आक्राहून निकाल आला: स्थानिक संचालक निर्भीडपणे बोलतो, कायदा यशस्वी, कंपनीला आणखी करमाफी. नदीचा त्यात शब्द नव्हता. आता त्याला काढलं तर करमाफी जाणार, म्हणून साहेबाने त्याला आणखी मऊ खुर्ची दिली. एफुआने नवं लुगडं घेतलं.

आराबा आता बर्फातले मासे लांबून आणून विकते. "आणखी काय सांगायला हवं होतं रे मी?" तिने एकदा विचारलं. क्वामेनाने दोन मासे जास्त घेतले.