आबांच्या टाकीतला सुभेदार

आमच्या आबांनी जेवढे मासे मारले, तेवढे कुणी जाळं टाकूनही मारले नसतील.

तेही जीव लावून.

आबा म्हणजे माझे सासरे. मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. आज त्यांना जाऊन वर्ष झालं. पाहुणे जेवून बसलेत, तेवढ्यात हे लिहून घेते.

लग्न होऊन पाटणला आले तेव्हा हॉलमध्ये माशांची मोठी टाकी होती. दर रविवारी सकाळी आबा ती रिकामी करायचे. पूर्ण. वाळू धुवायची, काच घासायची, नळाचं ताजं पाणी भरायचं. कडक इन्स्पेक्शन!

आणि पुढच्या रविवारच्या आत एखादा मासा पोट वर करून तरंगायचा.

"दुकानदारच फशिवतोय," म्हणायचे. दुसरा आणायचे.

टिकला होता एकच. केशरी गोल्डफिश. नाव सुभेदार.

"मला काय ती रँक मिळाली न्हाई. घरात तरी एक असू दे," म्हणत आबा त्याला येताजाता सॅल्यूट ठोकायचे.

मी हायस्कूलला सायन्स शिकवते. माहेर कवठे महांकाळचं. आमच्या बोअरचं पाणी उकळलं की भांड्याला पांढरा थर बसतो. पाटणला उलटं. हातावरचा साबण धुऊन धुऊन निघेना.

तिथंच माझी ट्यूब पेटली.

शाळेतून पीएच पेपर आणला. शनिवारी पट्टी बुडवली तर पिवळी, म्हणजे पाणी आंबट. रविवारी ताजं पाणी भरल्यावर हिरवी, म्हणजे पीएच सात, आंबटपणा गायब.

"आबा, मासे दुकानदार नाही मारत. तुम्ही मारताय."

सासूबाईंच्या (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) हातातून वाटी पडायचीच राहिली.

"आपलं पाणी मऊ आहे आबा. माशांच्या घाणीनं ते आंबट होत जातं आणि त्याला थोपवायला पाण्यात क्षारच नाहीत. रविवारी तुम्ही सगळं बदलून पीएच एकदम वर नेता. मासा थोडं कमीजास्त सोसतो, पण दर आठवड्याची ही उडी नाही सोसत."

आबा लय चिडले. माझ्याशी बोलणंच बंद.

मी पण काय हटणारी नव्हे. पुढच्या खेपेला माहेराहून येताना लाडवांच्या डब्याबरोबर शेतातली चुनखडी आणली. नांगराला लागते म्हणून माझे वडील जिला शिव्या घालतात, तीच.

"म्हायेरास्नं दगडं आणलीस व्हय गं?" आत्या.

मी एका खड्यावर लिंबू पिळलं. बुडबुडे आले.

आबा पेपर बाजूला टाकून उठले. "आरं तिच्या! उकळतंय की!"

"हीच टाकीतला आंबटपणा खाणार. हळूहळू."

खडे स्वच्छ धुऊन फडक्यात बांधले आणि फिल्टरपाशी ठेवले. रविवारी फक्त बादलीभर पाणी बदलायचं, बाकी टाकीला हात लावायचा नाही. आबांना हे फार जड गेलं. हात शिवशिवायचे त्यांचे. मग मी त्यांना ड्यूटीच लावली. दर रविवारी पट्टी बुडवायची आणि मला रिपोर्ट द्यायचा.

मी माहेरी असले तरी फोन यायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"सूनबाई, सात."

आणि कट.

मासे मरायचे थांबले.

मग गेल्या वर्षी आबाच गेले. सकाळी चहा पिता पिता.

भेटायला माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण टाकीपाशी थांबायचा आणि आबांच्या नावानं चिमूटभर काहीतरी आत टाकायचा. कणीक, चपातीचा तुकडा, भात. तेवढंच पुण्य!

मी आत्यांना सोडून उठतच नव्हते. उठून बघितलं तर पाणी गढूळ, तळाला अन्न कुजलेलं, आणि सुभेदार वर येऊन नुसतं तोंड उघडतोय, मिटतोय. पट्टी पिवळीच्याही पुढं गेलेली. नारिंगी.

तात्या, माझे चुलत सासरे, बादली घेऊन आले. "समदं पाणी काढा रं. घासून लख्ख करू. आबाला टाकी लख्खच लागायची."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मायेनंच म्हणत होते. पण तेवढ्या आंबट पाण्यातून एकदम ताज्या पाण्यात गेला असता तर सुभेदार तिथंच संपला असता.

मी टाकीसमोर उभी राहिले. दुःखाचं घर, समोर सगळी वडीलधारी माणसं.

"तात्या, बादली खाली ठेवा. आबा गेले. त्यांचा मासा मी जाऊ देणार नाही."

आवाज चढला माझा. चढू दे.

नळीनं तळाची घाण ओढून काढली. थोडंच पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी परत थोडं. एवढ्या घाणीपुढं जुनी चुनखडी पुरली नव्हती, नवी बांधली. खाणं बंद. कुणीतरी म्हणालं, सुतकात ही कसली थेरं? म्हणू दे.

आणि आत्या? खुर्ची ओढून टाकीला खेटून बसल्या. हातात आबांची काठी.

"आता कुणी माशास्नी घास घातला, तर गाठ माझ्याशी हाय!"

तोवर मी रडले नव्हते. वेळच नव्हता. एका सकाळी पट्टी हिरवी झाली, सुभेदार तळाशी जाऊन वाळू उकरायला लागला, आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "आबा, सात."

मग मात्र टाकीपाशीच फतकल मारून ढसाढसा रडले. आत्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आज टाकीवर मोठ्या अक्षरात कागद लावलाय. "प्रसाद माणसांना द्यावा. माशांना घालू नये." तात्यांनीच चिकटवलाय.

आबा, फुलं-हार तुम्हाला कधी आवडले नाहीत. रिपोर्ट घ्या.

सुभेदार ठणठणीत आहे.

पीएच सात.

आणि मी या घरात आहे तोवर सातच राहील.

सॅल्यूट, आबा.