पाऊण लिटर

"तू मापाला हात लावू नकोस. लांबूनच बघ."

बाईंनी हे मराठीतून म्हटलं. सारा वर्ग हिंदी-छत्तीसगढी बोलणारा. मराठी आम्हा दोघींचीच, त्यांची अन् माझी. बाकीच्यांना कळू नये म्हणून त्यांनी माझा अपमान माझ्याच भाषेत केला.

शाळा बीरगांवची. राज्य नवीन, रायपूर नुकती राजधानी झालेली. बाबा कारखान्यात भट्टीवर होते. मी पाचवीत.

अपूर्णांकाची परीक्षा पाण्यावर होती. टेबलावर बाईंचा पिण्याचा मटका, पाव लिटरचं माप, रिकामी बाटली. बाटलीत पाऊण लिटर भरायचं आणि किती मापं लागली ते सांगायचं. एक जण चुकला, तर बाईंनी त्याचा हात धरून भरून घेतलं.

मी विचारलं, "मले काहून नाही?"

"पिण्याचं पाणी आहे. तुम्ही कोण, ते मला ठाऊक आहे."

माझ्या नावापुढं त्यांनी लिहिलं, समजत नाही. अन् मले मागच्या ओळीत बसवलं.

समजत नाही? माझी आई ब्लाऊज शिवायची. पाव इंच, पाऊण इंच, सव्वा इंच मी तिच्या टेपवर शिकली होती, शाळेत जायच्या आधी.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "चूप राय. शाळेतून नाव काढून टाकतील." त्या दिवशी मले बाबांचाही राग आला.

आठ दिवसांनी तपासणीचे साहेब आले. तोच मटका, तेच माप. "तीन चौथाई लीटर कौन भरेगा?" पुढच्या ओळीतला पोट्टा अडकला. मी उठली. कोणी बोलावलं नव्हतं. माप घेऊन मटक्यात कोपरापर्यंत हात घातला. तेवढा घालायची गरज नव्हती. मुद्दाम घातला.

"तीन मापं," बाटली भरून मी म्हटलं. मग हिंदीत, साऱ्या वर्गाला कळावं म्हणून, "मैडम ने मुझे छूने नहीं दिया था. पूछिए, क्यों."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बैठ जाओ, बेटी." लिहिलं काहीच नाही. ते गेल्यावर बाईंनी मटका नालीत ओतला अन् छडी घेतली. हात सुजला. मी रडली नाही.

आता त्या साहेबांचं तपासणीचं काम मी करते. शाळाशाळांत जाते, पोरांना अपूर्णांक येतो का ते मापून पाहते. सरकारी कागदावर दोन रकाने असतात, समजते, समजत नाही. तिसरा मी हातानं आखते : हात लावू दिला नाही. त्यात शिकवणाऱ्याचं नाव.

मागच्या महिन्यात अभनपूरकडच्या एका शाळेत सारी पोरं पाणी मोजून राहिली होती. एक पोट्टी दाराशी उभी. तिले विचारलं, तर तिनं गुरुजींकडं पाहिलं. मी तिसरा रकाना आखला. गुरुजी हात जोडून म्हणाले, "दीदी, छोटी सी बात है. माफ कर दीजिए."

"पूरा नाम बोलिए. पिताजी के नाम के साथ."

त्यांनी सांगितलं. मी लिहिलं. वाचून दाखवलं, त्या पोट्टीसमोर.

घरचे म्हणतात, आता तरी सोड, सूड चांगला नाही. मले चांगलं व्हायचं नाही. माफीचा रकाना माझ्या कागदावर नाही. तो मी आखणार नाही.