माऊलीने ठेवलेली परतीची वाट

पौडच्या बाजारपेठेत आरिफाच्या अब्बांचं कपड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक विचारतं, "पोरगी हिंजवडीत काय करतीय?" अब्बा ऐटीत सांगतात, "कॉम्प्युटरची राखण." तसं खोटं नाही. कंपनीचे ढीगभर सर्व्हर मोजक्या यंत्रांच्या पोटात चालतात आणि त्या सगळ्यांवर हुकूम चालवतो एक कारभारी सर्व्हर. त्या कारभाऱ्याला सांभाळते आरिफा.

तिला हे काम शिकवलं ताम्हिणीच्या माऊलीदादाने. त्याचा एकच हेका असायचा. अपडेटच्या आधी कारभारी बंद करायचा, त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद, घ्यायचा, मगच हात लावायचा. बिनसलं तर त्या क्षणाला परत जाता येतं. "आदी परतीची वाट बघायची, मंग पाय टाकायचा. घाटात बी असंच असतंय," म्हणायचा. आषाढात असंच एक अपडेट उरकून तो मोटारसायकलवर घरी निघाला आणि दरडीखाली गेला. घाटाने त्याला परतीची वाट ठेवली नाही.

काम झालं की स्नॅपशॉट पुसायचा असतो, नाहीतर तो फुगत जाऊन जागा खातो. माऊलीचा शेवटचा पुसायला मात्र आरिफाचा हात धजेना.

दसऱ्यानंतर नवं अपडेट आलं. घाईत तिने कारभारी बंद न करताच स्नॅपशॉट घेतला. अपडेट फसलं, आणि मागे जायला गेली तर तिचा स्नॅपशॉटही धड उठेना. उरला माऊलीचा. अल्लाचं नाव घेऊन तिने तोच निवडला.

कारभारी उठला, पण आषाढातच. त्याच्या लेखी माऊली जिवंत होता. त्याचं बंद केलेलं खातं चालू झालं होतं. सरावासाठी त्याने केलेला, आजोबांच्या नावाचा 'गेणबा' हा सर्व्हर केव्हाच पुसला होता. तोही यादीत परतला, पुढे शेरा 'अनाथ', म्हणजे नाव आहे पण सर्व्हर नाही. चार वाजले आणि मेल आला. माऊलीने कारभाऱ्यात रोज चारला लावून ठेवलेली आठवण जागी झाली होती: "आरिफा, बॅकअप बघितला का? माऊली." तिने वळून त्याच्या खुर्चीकडे पाहिलं.

"गेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवणं म्हणजे चोराला दार उघडं," तिचे वरिष्ठ निरंजन सर म्हणाले. "काढून टाक, आरिफा."

"काढते, सर."

तिने काढलं नाही. रोज चारची वाट बघू लागली. मेल आल्याशिवाय बॅकअपला हात लावेना. एके दिवशी तर तिने उत्तरही लिहिलं, "बघितला, दादा." पाठवायच्या आत तिला स्वतःचीच भीती वाटली.

मग तिने खातं काढलं, आठवण काढली, गेणबा काढला. शेवटी माऊलीचा स्नॅपशॉट. आणि हे करण्याआधी नवा स्नॅपशॉट घेतला नाही. दादाचा नियम तिने पहिल्यांदाच जाणूनबुजून मोडला. वाट उरली असती तर ती पुन्हा पुन्हा तिकडेच गेली असती.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. मेल आला नाही. ती तशीच बसून राहिली, रडू आलं तेवढं रडली. मग तिने बॅकअप बघितला.